एकाच थानाचे दोन तुकडे

माझ्या मायला लिहिता येत नव्हतं, आणि पांढुर्ण्यातल्या अर्ध्याअधिक बायांचे ब्लाउज ती शिवायची. मग मापं ठेवायची कशी? तिची आपली एक रीत होती. जुन्या धोतराची दोन बोटं रुंद पट्टी फाडायची, बाईच्या अंगाला लावायची, छाती भरली तिथं कात्रीनं एक खाच, कंबर भरली तिथं दोन, बाहीला तीन. पट्टीच्या टोकाला त्याच बाईच्या कापडाची कतरण टाचायची आणि पट्टी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायची. समोरच्या खोलीत अशा कितीतरी पट्ट्या लोंबत असत. दारातून वारा आला की सगळ्या एकदम हलायच्या, आणि माय मशीनवर बसल्या बसल्या मागं हात करून बरोबर हवी तीच ओढायची. एकाच थानातून, एकाच ताग्यातून, दोघींनी कापड घेतलं असेल, म्हणजे कतरणी सारख्याच, तर एकीच्या पट्टीला ती खाली गाठ मारायची. ही गाठ ध्यानात ठेवा. मी तेव्हा ठेवली नाही, म्हणून तर हे सगळं लिहायला बसली आहे.

तिचा दुसरा नेम असा की बाईचं माप मोठ्यानं बोलायचं नाही. कोणी शेजारीण कितीही गोड बोलून विचारो, "काऊन वं, त्या मास्तरणीची कंबर वाढली म्हणतात?" माय तोंडात टाचण्या धरून नुसती मान हलवायची. हो की नाही ते कोणाला कळायचं नाही. बाबा गेल्यावर त्या मशीनवरच आमचं घर चाललं. बाबा जंगल खात्यात चौकीदार होते, बांबूसारखे सडसडीत, मैलोनमैल चालणारे. मी दहा-अकरा वर्षांची असताना एका सकाळी ते ओट्यावर दात घासता घासता खाली बसले, तोंड एका बाजूला गेलं, आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. लकवा, म्हणाले लोक. सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर मायला म्हणाला की बीपी असेल, कधी मोजलंच नाही. हा शब्द मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला. आमच्या घरात तो पुन्हा कोणी काढला नाही, पण मी विसरली नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मला कोणी अजाण समजू नये.

आता वत्सला. जाम नदीच्या पलीकडं सावरगाव, तिथली ती. त्यांचा संत्र्याचा बगीचा होता, घरी दोन भाऊ, आणि अख्ख्या खानदानात मॅट्रिकच्या पुढं गेलेली ती पहिली पोरगी. अंगानं चांगली भरलेली, गोरीपान, हसायला लागली की वर्गातला बाक हलायचा. गोटमारीच्या दिवशी आमचं गाव आणि तिचं गाव नदीच्या दोन बाजूंनी एकमेकांना दगड मारायचं, आणि दुसऱ्या दिवशी ती पूल ओलांडून यायची, झोळीतून आठ-दहा संत्री काढायची आणि म्हणायची, "घे व पमे, कालचा समझोता." माझं नाव प्रमिला, पण पमे म्हणणाऱ्या दोघीच, एक माय आणि एक ती. आमच्याकडं ती घरच्यासारखी जेवायची. मायच्या हातची भरली मिरची, ताकात मुरवून उन्हात वाळवलेली, तळली की गल्लीत खोकला सुटायचा. वत्सला म्हणायची, "मावशी, एवढी मिरची दिली तर मी इथंच राहीन." मीठ खाणारी खरी मी होती. पेरूला मीठ, काकडीला मीठ, काहीच नसलं तर तळहातावर चिमूटभर मीठ घेऊन चाटत बसायची. आज माझी सून माझ्या पानातलं मीठ चमच्यानं मोजते, तेव्हा तो तळहात आठवतो.

वत्सलाला मास्तरीण व्हायचं होतं. तिच्या बाबांनी मोठ्या मिनतवारीनं बी.ए.पर्यंत हो म्हटलं होतं. ते तिला इतकं पक्कं वाटायचं की आमच्या ओट्यावर बसून गल्लीतल्या लहान पोरींना पाढे म्हणायला लावायची आणि चुकलं की मायच्या लाकडी पट्टीनं हवेत फटका मारायची. त्या दिवाळीला आम्ही दोघींनी एकाच थानातून कुर्त्याचं कापड घेतलं, निळ्यावर पिवळ्या बुंदक्यांचं. दुकानदार मोजून राहिला होता तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, हिले अडीच मीटर द्या आन् मले वरतं जेवढं उरलं थे सगळं." दुकानातली माणसं हसली, ती सगळ्यांपेक्षा जास्त. आपल्या जाडीवर आधी आपणच हसून मोकळं व्हायचं, म्हणजे दुसऱ्याला जागा उरत नाही, हे तिनं कधीच शिकून घेतलं होतं.

पुढच्या थंडीत कॉलेजात प्राणीशास्त्राच्या सरांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. युनिव्हर्सिटीकडून काम आलं होतं. पोरापोरींची उंची, वजन, कंबर, नितंब मोजायचे आणि सोबत बीपी, म्हणजे कोणाला पुढं जाऊन बीपीचा धोका आहे ते मापांवरून सांगता येतं का ते पाहायचं. बाहेरगावचा एक तरुण डॉक्टर एका दिवसासाठी येणार होता. पोरांचं सकाळीच उरकलं, खिदळत, एकमेकांच्या पोटावर थापा मारत. पोरींनी मात्र साफ नकार दिला. कंबरेला टेप कोण लावणार? आणि नावानिशी कागदावर लिहिलेली कंबर कुठं कुठं जाणार? एकीचा काका ऑफिसात बाबू होता, ती तर रडायलाच लागली. सर मवाळ माणूस. कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे बाबा, मी काय तुमची लग्नं मोडायले बसलो का?" मग त्यांची नजर माझ्यावर आली. "प्रमिला, तुझी आई शिलाईचं काम करते न?"

मला अजून आठवतं, मी कशी ताठ उभी राहिली. वर्गात मला कधी काही विचारत नसत आणि विचारलं तर मला येत नसे. त्या दिवशी मी सरांना मायची रीत सांगितली. नाव लिहायचंच नाही. प्रत्येकीच्या कुर्त्याच्या नाही तर ब्लाउजच्या आतल्या शिवणीतून दोन नखभर कतरणी कापायच्या, एक मापाच्या कार्डाला टाचायची, दुसरी डॉक्टरच्या बीपीच्या चिठ्ठीला. दुसऱ्या दिवशी कतरणीला कतरण जुळवली की काम झालं. सर म्हणाले, "हे त भल्लं डोकं आहे व तुझं." पोरी तयार झाल्या. मी उड्या मारत घरी सांगायला गेली नाही एवढंच.

बेडकांच्या बरण्या असलेल्या खोलीत दोऱ्यावर एक साडी टांगली आणि तिच्यामागं मी टेप घेऊन उभी राहिली. मायसारखीच, कोणाचं माप मोठ्यानं नाही. वत्सला आली ती श्वास ओढून, गाल फुगवून.

"सोड व श्वास."

"नाई सोडत. लिहून घे लवकर, जीव चालला माहा."

"खोटं माप लिहिता येत नाही, वच्छे. सर रागावतील."

तिनं श्वास सोडला, मी छत्तीस लिहिलं. माझं माप तिनं घेतलं, चोवीस. टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "तुह्या कमरीत त माहा एक पाय बसते." दोघींच्या अंगावर तोच निळा कुर्ता होता. कतरणी मीच कापल्या, मीच टाचल्या. गाठ मारायचं ध्यानात आलं नाही. इथपर्यंत ती फक्त चूक होती. कोणाच्याही हातून होईल अशी.

डॉक्टरकडं मी शेवटी गेली. त्यानं दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, पारा वर गेला, हळूहळू खाली आला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. पुन्हा दाबला. मग म्हणाला, "दस मिनट चुपचाप बैठो." मी बसली. बाहेर स्टेशनात मालगाडी उभी होती, तिचे डबे एकमेकांना धडकत होते, धाड धाड धाड, आणि तसंच माझ्या कानात चाललं होतं. तिसऱ्यांदा मोजून त्यानं चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि खाली लाल पेन्सिलीनं दोन रेघा ओढल्या. विचारलं, "घर में किसी को है?" मी म्हटलं, "नहीं." तो म्हणाला की घाबरायचं नाही, पुन्हा मोजावं लागेल, सर घरी कळवतील. संध्याकाळच्या गाडीनं तो निघून गेला. म्हणजे त्या चिठ्ठीवरचा आकडा कोणाचा, हे पांढुर्ण्यात फक्त मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सर आणि मी टेबलावर कार्डं मांडून बसलो. हिरवी कतरण हिरवीला, चौकडी चौकडीला, सर पिन मारत गेले. शेवटी दोन कार्डं उरली आणि दोन चिठ्ठ्या. चारही निळ्यावर पिवळ्या बुंदक्या. एका कार्डावर चोवीस, एकावर छत्तीस. एक चिठ्ठी साधी, एकीवर लाल रेघा. सर चष्मा वर करून हसले. "हे तर आपोआप जुळून राहिलं. जाड पोरीचं बीपी जास्त. यासाठीच तर मापं घेतली." त्यांनी छत्तीसच्या कार्डाला लाल रेघांची चिठ्ठी लावली आणि पिना मारायचं मशीन हातात धरून माझ्याकडं पाहिलं. "बरोबर न?"

मी "हो सर" म्हटलं. पिन बसली.

का म्हटलं, याची मी इतक्या वर्षांत स्वतःला खूप उत्तरं दिली. बाबांचं वाकडं झालेलं तोंड डोळ्यांसमोर आलं, हे खरं. मायला कळलं तर ती खचेल, पुन्हा मशीनवर बसायची नाही, हेही खरं. पण त्याच महिन्यात सौसरहून मला पाहायला आले होते, आणि मुलाच्या आईनं माझ्या हनुवटीला हात लावून म्हटलं होतं, "पोरगी कशी सडपातळ, निरोगी आहे." ते निरोगी मला सोडायचं नव्हतं. आणि सगळ्यांत खाली, जिथं मी सहसा बघत नाही, तिथं हे होतं की वत्सलाच्या अंगावर ते शोभून दिसत होतं. कोणाला नवल वाटणार नव्हतं. दोन-चार दिवसांत सांगून टाकू, असं मी मनाशी म्हटलं.

कार्डावर नाव नव्हतं, पण निळ्या कुर्त्यातली छत्तीस कंबर कोणाची, हे सरांना विचारावं लागलं नाही; ते स्वतः सावरगावला जाऊन आले. काळजीनंच गेले, दुसरं काही नाही. म्हणाले असतील, दवाखान्यात पुन्हा मोजून घ्या. पण जवान पोरीला बीपीसाठी दवाखान्यात नेली तर गावभर होणार, सोयरीक जुळायची नाही, म्हणून कोणी नेलं नाही. तिच्या आईनं पोरीचं मीठ बंद केलं. बाबांनी कॉलेज बंद केलं. त्यांचा हिशेब सरळ होता, वाचून वाचून पोरीच्या डोक्यात रक्त चढलं. पाच दिवसांनी वत्सलाचा लहान भाऊ सायकलवर निरोप घेऊन आला की ताईनं बोलावलं.

मी गेली. ती ओसरीत बसली होती, समोर संत्र्यांचा ढीग, मोठी-लहान वेगळी करून राहिली होती. मला पाहून हसली, पण बाक हलवणारं हसू नव्हतं ते. हळूच म्हणाली, "तू सांग बाबाले. तुहं ऐकतीन. कॉलेजनं बीपी होत नाई म्हणून सांग. मी बिना मिठाचं खाईन, जिंदगीभर खाईन, पण मले जाऊ देतीन असं काही बोल."

तिचे बाबा बगीच्यातून आले, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर खाली बसले. मोठा माणूस, पण माझ्याशी अदबीनं बोलले. "पोरी, सर म्हणे मापं तूच घेतली. जुळवली बी तूच. तुह्या मायचा हात आम्हाले माहीत आहे, तिचं माप कधी चुकत नाई. आता खरं सांग. चूक त नाई झाली? चूक झाली असन त मी उद्याच तिले पाठवतो."

इतकं सोपं होतं ते. त्यांनी दार पूर्ण उघडून धरलं होतं. वत्सला संत्रं हातात धरून माझ्या तोंडाकडं बघत होती. आणि मी ऐकलं की मी म्हणून राहिली आहे, "नाही काका. चूक नाही झाली."

त्यांनी मान हलवली. वत्सलानं संत्रं लहानांच्या ढिगात ठेवलं. ते मोठं होतं.

तिच्या आईनं जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. पाटवडीचा रस्सा होता, वरून तर्री, मला भरपूर वाढला. वत्सलाच्या ताटात वेगळ्या पातेलीतलं पांढरं वरण आणि ज्वारीची भाकर. ती एकेक घास पाण्यासोबत गिळत होती. मी माझ्या वाटीतला रस्सा सगळा संपवला. अन्न टाकलं तर विचारतील काय झालं म्हणून.

घरी मायनं विचारलं, कशी आहे पोरगी. मी मान खाली घालून चिठ्ठ्यांची गोष्ट थोडी सांगितली, थोडी नाही. माय ऐकत शिवत होती. मग मशीन थांबलं.

"तुम्ही दोघी त एकाच थानाच्या," ती म्हणाली. "गाठ कोणाच्या चिठ्ठीले मारली?"

तिनं चाकावर हात ठेवला होता, तो तसाच राहिला. खोलीतल्या पट्ट्या हलत होत्या. बऱ्याच वेळानं तिनं पुन्हा पाय मारला आणि मशीन चालू झालं. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. पण त्या रात्रीपासून आमच्या वरणाला चव राहिली नाही. मिरची, लोणचं, सगळं हळूहळू ताटातून गेलं. मी म्हटलं, "माय, मीठ कमी आहे," तर ती म्हणाली, "असन." स्वतःही तसंच खात राहिली. तिला आवडायचं नाही, मला दिसायचं. पोरीला वाचवावं, पण शब्द बाहेर काढू नये, एवढंच तिला जमलं. माझं सौसरचं लग्न तोवर ठरलं होतं. सावरगावला जाऊन सांगावं असं तिच्या मनात आलं असेल का? आलं असेल. तिला मी सामील करून घेतलं, याचं मला माझ्या खोट्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

माझं कॉलेजही त्याच वर्षी सुटलं. वत्सला नव्हती, तिच्या रिकाम्या जागेशेजारी बसवत नव्हतं, आणि परीक्षेत मी इंग्रजीत नापास झाली. पुढं जे काही लिहायवाचायला शिकली ते सौसरच्या वाचनालयातल्या पुस्तकांवर, स्वयंपाक झाल्यावर. पहिल्या बाळंतपणात पाय सुजले, डोळ्यांपुढं काजवे आले. नर्सबाईनं पट्टा बांधला आणि ओरडलीच, "आधी कधी कोणी सांगितलं नाही का?" नवरा शेजारी उभा होता. मी म्हटलं, नाही.

वत्सलाला रामाकोन्याला दिली, बिजवराला. बीपीची पोरगी म्हणून चांगली स्थळं फिरकली नाहीत. त्याची दोन पोरं तिनं आपली म्हणून वाढवली, शिकवली. मोठा मास्तर झाला. हे सगळं मला इकडून तिकडून कळत राहिलं. रामाकोना काही दूर नाही, मोटार जाते. मी गेली नाही.

मागच्या उन्हाळ्यात बोरगावला एका लग्नात ती दिसली. मांडवात पंगत बसली होती आणि कोणीतरी मागून म्हणालं, "पमे." माय गेल्यावर मला त्या नावानं हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं आहे. केस पूर्ण पांढरे, अंग तसंच भरलेलं, हसणं तेच. माझ्या शेजारी येऊन बसली आणि पिशवीतून आपला डबा काढला. बिनमिठाचं वरण आणि भाकर.

"अजून?" मी विचारलं.

"मंग. चाळीस वर्षं होत आली. मुलगा दर सहा महिन्यानं बीपी मोजून आणते, एकदम बरोबर निघते. डॉक्टर म्हणते, आजी, तुम्ही मीठ सोडलं म्हणून टिकल्या." तिला त्याचा अभिमान होता. "तुहं कसं आहे?"

वाढपी माझ्या पानात भाजी वाढायला वाकला, तर माझ्या सुनेनं पलीकडून हात आडवा धरला, "आईंना नको, त्यांना बीपी आहे. मीठ चालत नाही." वत्सला माझ्याकडं बघत राहिली. पार त्या ओसरीतल्यासारखी.

"तुले बीपी? तू त कशी काडीवाणी. कधीपासून व?"

पंगतीत भोंगा वाजत होता, पण मला तो ऐकू येत नव्हता. ती वाट बघत होती. मी म्हटलं, "आत्ताच. दोन-तीन वर्षं झाले असतीन."

तिनं च्‌ च्‌ केलं. मग आपल्या डब्यातलं वरण वाटीत ओतलं, अर्ध्यापेक्षा जास्त, आणि वाटी माझ्या पानात सरकवली.

"घे," ती म्हणाली. "सुरुवातीले जड जाते. मले सवय आहे."